ठेव फोन, मी करते

फोनचा धंदा करणाऱ्या बाईचा फोनवर काडीचा विश्वास नसावा, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. पण जव्हारच्या एसटी डेपोजवळ बूथ चालवणारी आमची फोनवाली बाय तशीच होती. कुणाचाही फोन येऊ दे, भट्टीच्या मुनीमाचा, तलाठ्याचा, तिच्या सख्ख्या भावाचा, आधी ती एकच वाक्य बोलायची. "ठेव फोन. मी करते." पलीकडचा माणूस काही बोलायच्या आत खटकन रिसीव्हर खाली. मग ती वही उघडायची, नंबर शोधायची आणि स्वतः लावायची. तो माणूस खरा निघाला तर पुढचं बोलणं. नाही निघाला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार.

तेव्हा आमचा तालुका ठाणे जिल्ह्यात होता आणि घरात फोन असणं म्हणजे मोठेपणाचं लक्षण होतं. बायला लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय काठीच्या आधाराने टाकायची. अपंगांच्या कोट्यातून तिला बूथ मिळाला. पिवळी पाटी, काचेचं दार, लाल आकड्यांचं मीटर आणि आत एक स्टूल. मागच्या अंधाऱ्या खोलीत तिचा संसार, तोही भाड्याचा. तिचं खरं नाव रेशनकार्डावर होतं, तिथेच राहिलं. थोरामोठ्यांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळे तिला बाय म्हणायचे आणि अगंतुगं करायचे, तीही सगळ्यांना अरेतुरे करायची. ती कलेक्टरलासुद्धा अरेतुरे करेल, असं माझे वडील म्हणत. ते आदिवासी प्रकल्प कार्यालयात कारकून होते, त्यामुळे त्यांना या गोष्टीची फार धास्ती.

आता त्या वहीबद्दल सांगतो. शाळेची दोनशे पानी वही, जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलेली. वांगणी, जामसर आणि आसपासच्या पाड्यांवरची माणसं दिवाळीनंतर भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर जायची. जाताना बायकडे कुणीतरी भट्टीमालकाचा नंबर देऊन जायचं. ती तो ऐकून लिहायची नाही. आधी माणसाला समोर उभं करायची, नंबर लावायची, पलीकडे कोण उचलतो ते ऐकायची आणि मगच वहीत घ्यायची. पुढे शेरा. "मुनीम, खोकतो, खरा." "शेठची बायको, हिंदी बोलते, खरी." एखादा नंबर पुढे खोटा निघाला तर त्यावर लाल पेनने अशी काट मारायची की खालच्या पानावरही वळ उठे. पदवी घेऊन बेकार बसलेला मी तिच्या बाकावर दिवसचे दिवस काढत होतो आणि या वहीची मनसोक्त टिंगल करत होतो.

एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी वांगणीची एक म्हातारी कुणाच्या तरी फोनची वाट बघत बसली होती. फोन आला आणि बायच्या आधी म्हातारीनेच उचलला. कुणी ठेकेदार बोलत होता. म्हातारीचा पोरगा भट्टीवर ढिगाऱ्याखाली सापडलाय, दवाखान्यात आहे, डॉक्टर पैसे भरल्याशिवाय हात लावत नाही, आमचा माणूस तासाभरात तुमच्या डेपोवर येतोय, त्याच्याकडे द्या. म्हातारीने तिथेच हंबरडा फोडला आणि गळ्यातली चांदीची सरी काढायला लागली. बायने तिच्या हातातून रिसीव्हर ओढला. "ठेव फोन. मी करते." तो माणूस खवळला, "अरे इधर लडका मर रहा है!" बाय म्हणाली, "मरू दे. दोन मिनिटांत काय मरत नाय." मी हादरलोच. काय बाई आहे की कसाई! तिने वही काढली, त्या पोराच्या भट्टीचा "मुनीम, खोकतो" याला फोन लावला. खोकण्याचा आवाज आला. पाच मिनिटांनी म्हातारीचा पोरगा स्वतः फोनवर आला आणि "आये, काय झाला?" म्हणून विचारू लागला. तोंडात भाकरीचा घास होता, बोलणं नीट कळतही नव्हतं. म्हातारी रिसीव्हरलाच मिठी मारून बसली.

डेपोवर आलेला माणूस आम्हाला बघून पळाला. त्या संध्याकाळी बायने मला चहा पाजला आणि शहाणपण शिकवलं. "ज्याला घाई, त्याचा फायदा. आपला माणूस कधी म्हणल का, आत्ताच्या आत्ता दे, कुणाला सांगू नको? चोराला दम नसतो रे. त्याला आपण इचार केलेला नको असतो." मी मान डोलावली. बी.कॉम. झालेल्या माणसाने दहावी नापास बाईचं ऐकताना डोलवावी तशीच.

तिचा हा नियम साहेबांनाही लागू होता. एकदा बाहेरगावाहून कार्यालयाची लाईन लागेना म्हणून प्रकल्प कार्यालयातल्या मोठ्या साहेबांनी बूथवर फोन केला. वडिलांना निरोप द्यायचा होता, अमुक फाईल तमुक माणसाच्या हाती पाठव. बायने नेहमीचं वाक्य टाकलं. साहेब ओरडले, "मी कोण बोलतोय माहीत आहे का तुला?" ही म्हणाली, "तेच तर बघायचंय." फोन खाली! मग कार्यालयात फोन करून साहेब कुठे उतरलेत ते विचारलं, त्या विश्रामगृहाचा नंबर घेतला आणि तिथे लावला. साहेब खरेच निघाले. दोन दिवसांनी ते जीप घेऊन बूथवर आले तेव्हा वडील घरात देवापुढे बसले होते. साहेबांनी तिला झापलं, मग हसले आणि स्वतःचा नंबर वहीत लिहायला लावून गेले. नंतर बाय वडिलांना म्हणाली, "खरा माणूस चिडतो बघ. चिडला की मला बरं वाटतं."

मला बँकेत नोकरी लागली ती बातमीही तिच्याच बूथवर आली. मुंबईहून मित्राने फोन केला, यादीत माझं नाव आहे म्हणून. तिने त्यालाही ठेवायला लावला. पुन्हा लावून, दुसऱ्या एकाला विचारून, खात्री करून मगच मला पेढे आणायला पिटाळलं. मी ठाण्याला खोली घेतली तेव्हा घरमालकीणबाईंचा नंबर तिला दिला. तिने माझ्यासमोर तो लावला, मालकीणबाईंची चांगली पाच मिनिटं उलटतपासणी घेतली आणि वहीत माझ्या नावाचं पान केलं. पुढे काय शेरा लिहिला ते मला बघू दिलं नाही. दर रविवारी सकाळी तिथे तिचा फोन यायचा. "जेवलास का? ताप नाय ना?" एवढंच विचारायची, कारण मीटर पळत असायचं आणि पैसे तिचेच जायचे.

बायला नवऱ्याने लग्नानंतर सहा महिन्यांत घराबाहेर काढलं होतं, लंगडी कामाची नाही म्हणून. ती जामसरला भावाकडे आली. तिथे भावजयीने चार वर्षांत हजारदा ऐकवलं, हे काय तुझं घर आहे का? या गोष्टी तिने मला एकदाच सांगितल्या, मीटरचा कागद बदलता बदलता. "दोन दारांतनं निघाले मी. आता एक दार पायजे, ज्याची आतली कडी माजी. कुणी 'चालती हो' म्हणायला नको." त्यासाठी ती बूथच्या कमाईतून पै पै बाजूला टाकत होती. चहा एकटीपुरता कधी मागवला नाही, कुणी सोबत असलं तरच. साडी फाटली की पदर उलटा घेऊन नेसायची. मी थट्टा करायचो, "बाय, तुझ्या घराची वास्तुशांत माझ्या म्हातारपणी होणार." ती म्हणायची, "तू काठी टेकत ये, पण ये."

मग टेकडीवर टॉवर उभा राहिला आणि ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आला. भट्टीवरची पोरं थेट घरी फोन करू लागली. बायचं मीटर दिवसदिवस मुकं बसू लागलं. जागेच्या मालकाला तिथे मोबाईलचं दुकान काढायचं होतं, त्याने तिला पावसाळ्यापर्यंतची मुदत दिली. पण बाय घाबरली नाही, कारण तेवढ्यात तिचं दार सापडलं होतं. गावाच्या टोकाला एका निवृत्त गुरुजींचं दोन खोल्यांचं कौलारू घर. गुरुजी मुलाकडे नाशिकला निघाले होते. किंमत तिच्या पुंजीत बसत होती.

आणि इथे मी शहाणा मध्ये पडलो. दिवाळीला ठाण्याहून आलो तो तिच्यासाठी मोबाईल घेऊन. तिची पुंजी पोस्टाच्या पुस्तकात होती. मी म्हटलं, "बाय, कुठल्या जमान्यात आहेस? बँकेत ठेव. कार्ड मिळतं, रांग नको." मी स्वतः जव्हारच्या शाखेत तिचं खातं उघडून दिलं, कार्ड हातात दिलं. मग मोबाईल शिकवला. ती वही घेऊन बसली होती, माझा नवा नंबर लिहून घ्यायला. मी वही बाजूला सारली. "अगं, लिहायचं कशाला? नंबर आतच राहतो. ज्याचा फोन आला त्याला उलटा करायचा असेल तर हे हिरवं बटण दोनदा दाब, त्यालाच लागतो. वही घाल आता रद्दीत." तिने दोनदा दाबून बघितलं, माझा फोन वाजला, आणि ती पोरीसारखी हसली. "मंग बरंय की. शोधायचं कामच नाय." माझ्या कानात अजून ते हसणं आहे. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाने तिला काय शिकवलं ते नीट लक्षात ठेवा.

खरेदीखत चार दिवसांवर आलं असताना संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, तिचा मला फोन आला. आवाजात मोठी ऐट. "अरे, तुज्या बँकेच्या मुंबई हापिसातनं फोन होता. माजं कार्ड आज पाचाला बंद होणार होतं, पैशे आत अडकले असते. मी काय अशी तशी भुलते का? म्हटलं, ठेव फोन, मी करते. हिरवं बटण दोनदा दाबलं. बरोबर बँकेतच लागला! आधी बाई बोलली, बँकेत आपलं स्वागत हाय म्हणून. मग तोच साहेब आला. मग सांगलं त्याला सगळं."

"काय सांगितलंस?"

"कार्डावरचे आकडे. मागचे तीन. आन तो चार आकड्यांचा."

मी खुर्चीवरून उठलो ते आठवतं. पुढे काय बोललो ते आठवत नाही. ती मात्र म्हणत राहिली, "पण मी उलटा फोन केला ना रे. उलटा केला ना."

केला होता. तिने तिचा नियम तंतोतंत पाळला होता. वहीतला नंबर तिने स्वतः पारखून लिहिलेला असे, चोर तिथे शिरणार कुठून? मोबाईलमधला नंबर चोरानेच सोडलेला. हिरवं बटण तिला परत त्याच्याच दारात घेऊन गेलं आणि तिथे चोर पाटावर बसून वाटच बघत होता. कार्डाच्या मागे बँकेचा नंबर छापलेला असतो, तो वहीत लिही, फोन करायचा तर तिथेच कर, आणि तो चार आकड्यांचा नंबर खुद्द बँकेलाही सांगू नकोस. एवढं सांगायला मला किती वेळ लागला असता? तोंड दुखलं असतं का माझं? मी तिला रिंगटोन कशी बदलायची ते शिकवत बसलो होतो.

मी ठाण्याहून कार्ड बंद करेपर्यंत खातं रिकामं झालं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही शाखेत गेलो. मॅनेजर भला माणूस, पण त्याने जे वाक्य उच्चारलं ते मी स्वतः काउंटरमागून कितीतरी जणांना ऐकवलेलं होतं. "गुप्त माहिती ग्राहकाने स्वतः दिली आहे, बँक काही करू शकत नाही." मग तो बायला म्हणाला, "अहो, एवढंही कळू नये? नंबर खरा की खोटा ते बघायचं नाही? असं उलटं बटण दाबायला तुम्हाला शिकवलं कुणी?"

बायने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. बँकेचाच माणूस होतो ना मी, त्या मॅनेजरशी उद्याही फोनवर बोलायचं होतं मला.

"कुणी नाय," ती म्हणाली. "माजं मीच."

पोलीस ठाण्यात हवालदाराने अर्ज घेतला आणि तोंडभर हसला. "तू ती फोनवाली ना गं? गावाला शिकवायचीस, आणि तूच फसलीस?" डेपोसमोर चार दिवस हाच विषय होता. तिच्यामुळे ज्यांचे पैसे वाचले होते तेही हसले. मला त्यांच्या मुस्काटात मारावीशी वाटली, पण कुठल्या तोंडाने मारणार? मी परत जायच्या एसटीत बसलो तेव्हा बाय मला खिडकीतून म्हणाली, "साहेब लोक चिडतात रे. तो फोनवरचा नाय चिडला. 'अवश्य करा मॅडम' म्हणाला. तिथंच मला समजायला पायजे होतं." मी "जाऊ दे बाय" असलं काहीतरी बोललो आणि गाडी सुटली.

गुरुजी महिनाभर थांबले, मग त्यांनी घर दुसऱ्याला दिलं. मी थोडे पैसे पाठवले ते तिने तसेच परत पाठवले. पावसाळ्याच्या तोंडावर बूथचं शटर मालकाने ओढलं आणि बाय काठी टेकत जामसरला गेली, त्याच भावजयीच्या दारात.

मी जामसरला गेलो नाही. कामं होती, असं मी सगळ्यांना सांगायचो. मधून मधून फोन करायचो तिच्या मोबाईलवर. ती उचलायची. मी म्हणायचो, "बाय, मी बोलतोय." ती म्हणायची, "ठेव फोन. मी करते." आणि ठेवायची. मी वाट बघायचो. फोन यायचा नाही. असं पाच-सहा वेळा झालं असेल. मी समजलो, बायने आपल्याशी नातं तोडलं. खोटं कशाला बोलू, थोडं सुटल्यासारखंही वाटलं. मग मीही करणं सोडून दिलं.

दोन वर्षांनी ती तापाने गेली. निरोप उशिरा मिळाला, मी दहाव्याला जामसरला पोचलो. विधी आटोपल्यावर भावजय माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि कॅलेंडरचं कव्हर घातलेली ती वही माझ्या हातात दिली.

"तुम्हीच ना ते बँकेतले?" ती म्हणाली. "तुमचा फोन आला की ठेवायची. मग ही वही घ्यायची आन गोठ्यामागं टेकाडावर चढायची. घरात आलेला फोन कसाबसा ऐकू येतो, पण लावायला रेंज तिथंच मिळते. त्या पायानं! चिखलात दोनदा पडली. वहीतला नंबर लावायची. आतली बाई सांगायची, हा नंबर अस्तित्वात नाय. तरी दुसऱ्या दिशी परत जायची. मी म्हणलं, आत्याबाय, मोबाईलात हाय ना त्यांचा नंबर, तो दाबा. तर म्हणायची, आतला खरा कशावरनं? मला वहीतलाच पायजे."

ठाण्याच्या त्या घरमालकीणबाईंचा फोन कधीच बंद झाला होता. माझा नवा नंबर मी तिला वहीत लिहू दिला नव्हता.

मी पान उघडलं. बऱ्याच नंबरांवर लाल काट होती. माझ्या नावावर नव्हती. जुन्या नंबरापुढे तिच्या गोल अक्षरात शेरा होता. "बँकेत लागला. खरा."